वेशीच्या आतले स्वागत
मिश्रवंशीय कुटुंबाच्या तीन कथा आणि एक जुनी कसोटी

स्थलांतराच्या कथा जगातल्या सर्वच वाङ्मयांत आढळतात. दुष्काळ, युद्ध, नोकरी किंवा लग्न यांपैकी कोणत्या तरी कारणाने माणूस गाव सोडतो आणि दुसऱ्या गावी बिऱ्हाड मांडतो. परंतु ज्या घरात नवरा एका वंशाचा, बायको दुसऱ्या वंशाची आणि मुले दोघांचीही आहेत, त्या घराच्या स्थलांतराची कथा या सर्वांहून निराळी असते, असे आम्हांला वाटते. इतर कुटुंबे नव्या गावी जाण्यापूर्वी घरभाडे, नोकरी, मुलांची शाळा यांची चौकशी करतात. या कुटुंबाला त्याआधी आणखी एक चौकशी करावी लागते, आणि ती कोणत्याही कचेरीत करता येत नाही. आपण सारे मिळून या गावच्या रस्त्याने चाललो तर लोक आपल्याकडे कसे पाहतील, आणि चर्चमध्ये एका बाकावर बसलो तर पुढच्या रविवारी आपल्या शेजारची जागा रिकामी राहील का, ही ती चौकशी होय.

हा प्रश्न आमच्या वाचकांना परका नाही. वसईपासून अलिबागपर्यंतच्या ख्रिस्ती घरांतील कितीतरी मुले-मुली आज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका येथे स्थायिक झाली आहेत, आणि त्यांपैकी काहींनी तेथील निराळ्या वंशाच्या जोडीदारांशी विवाह केले आहेत. असे कुटुंब एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचा विचार करू लागले की इकडचे आजी-आजोबा हमखास विचारतात, "तिथे चर्च जवळ आहे ना?" प्रश्न योग्यच आहे. मात्र चर्च किती मैलांवर आहे यावरून ते किती जवळचे आहे हे कळत नाही. ते कशावरून कळते, याचा शोध काही कलाकृतींनी घेतला आहे. त्यांपैकी तीन अमेरिकन कलाकृतींचा विचार आम्ही येथे करणार आहोत: 'गेस हूज कमिंग टू डिनर' (१९६७) आणि 'लव्हिंग' (२०१६) हे दोन चित्रपट, आणि जेम्स मॅकब्राइड यांचे 'द कलर ऑफ वॉटर' हे १९९०च्या दशकाच्या मध्यात प्रसिद्ध झालेले आत्मकथन. अमेरिका निवडण्याचे कारण असे की त्या देशात अशा घराला शेजाऱ्यांची नापसंती तर होतीच, शिवाय कित्येक राज्यांत कायद्याचीच बंदी होती. त्यामुळे परवानगी आणि स्वागत यांतील अंतर तेथील कथांत फार स्पष्ट दिसते.

समीक्षेला कसोटी लागते. आमची कसोटी आम्ही जुन्या करारातील रूथच्या पुस्तकातून घेतली आहे. अवघ्या चार अध्यायांचे हे पुस्तक आपण सासू-सुनेच्या मायेची कथा म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण ती मिश्र कुटुंबाच्या स्थलांतराचीही कथा आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून अलीमलेख आणि नामी मुलांना घेऊन मवाब देशात गेले. तेथे मुलांनी मवाबी मुलींशी लग्ने केली. घरातले तिन्ही पुरुष वारले आणि नामी आपल्या एका सुनेसह, रूथसह, माघारी आली. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असा निर्बंध अनुवादाच्या पुस्तकात आहे. अशा समाजात ही मवाबी विधवा आली. ती आली त्या दिवशी गावातल्या बायका फक्त नामीविषयी बोलल्या. तिच्याबरोबर आलेल्या सुनेची कोणी दखल घेतल्याचे पुस्तकात लिहिलेले नाही. शेवटच्या अध्यायात मात्र त्याच बायका नामीला सांगतात की ही सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे. या दोन प्रसंगांमध्ये असे काय घडले?

लेखकाने त्याचे उत्तर भाषणांतून दिलेले नाही, व्यवहारातून दिले आहे. जवाच्या आणि गव्हाच्या कापणीचा एक हंगाम मध्ये गेला. शेताच्या कडा आणि सांडलेली कणसे गरिबासाठी व परक्यासाठी सोडावीत असा नियमशास्त्राचा दंडक होता. त्यामुळे रूथने जो सरवा वेचला, तो तिचा हक्क होता. त्यासाठी तिला कोणाच्या मेहेरबानीची वाट पाहावी लागली नाही. ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की शेताचा धनी बवाज याने तिला धीर दिला, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. आपल्या गड्यांना त्याने ताकीद दिली की तिला कोणी त्रास देता कामा नये. तिला गड्यांच्याच घागरीतले पाणी प्यायला सांगितले, जेवणाच्या वेळी कापणी करणाऱ्यांबरोबर बसवले, आणि पुढे वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवून सर्वांसमक्ष तिच्याशी लग्नाचा निर्णय जाहीर केला. तिसरी गोष्ट बाळाच्या जन्माची. त्याचे नाव शेजारणींनी ठेवले. ओबेद हे नाव घरातून ठरून आले नाही, आळीतून आले. सरवा, ताकीद आणि बारसे ही आम्ही स्वागताची तीन लक्षणे मानतो. पोटापाण्याचा हक्क आहे का, गावातला वजनदार माणूस आपल्याच लोकांना आवरतो का, आणि शेजारी मुलाला आपले म्हणतात का, असे ते तीन प्रश्न आहेत.

या कसोटीतही एक उणीव आहे, आणि ती लपवून चालणार नाही. वेशीतल्या व्यवहारातही रूथचा उल्लेख 'मवाबी' म्हणूनच होतो. चौथ्या अध्यायात तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. बाळ जन्मल्यावर बायका म्हणतात की नामीला मुलगा झाला. गावाने रूथला सामावून घेतले खरे, परंतु सामावून घेताना तिचा आवाज मावळला. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळीत मात्र तिचे नाव स्पष्ट लिहिले आहे, आणि त्याच वंशावळीत बवाजाची आई म्हणून राहाबेचे नाव आहे. म्हणजे परक्या बाईसाठी गड्यांना ताकीद देणारा हा बवाज स्वतः एका परक्या बाईचा मुलगा होता. ज्या घराने हा अनुभव एकदा घेतला आहे, त्या घराला पुढच्याला जागा करून देणे सोपे जाते, असे यातून सुचते.

आता अमेरिकेकडे वळताना एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपल्या धर्मग्रामांत 'मिश्रविवाह' म्हटले की कॅथलिक आणि इतर पंथीय ख्रिस्ती यांचा विवाह आपल्या डोळ्यांपुढे येतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यात विवाहाला आड येणाऱ्या अनेक गोष्टी सांगितल्या आहेत. वंश किंवा कातडीचा रंग त्यांत नाही. या साध्या वस्तुस्थितीने अमेरिकेत एकदा न्यायालय हलवले होते. लॉस एंजेलिस येथील अँड्रिया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस हे दोघेही कॅथलिक. ती मेक्सिकन वंशाची, म्हणजे त्या कायद्याच्या वर्गवारीत गोरी, आणि तो कृष्णवर्णीय. १९४७ साली त्यांना विवाहाचा परवाना नाकारण्यात आला. त्यांचे वकील डॅनियल मार्शल हे तेथील कॅथलिक आंतरवंशीय मंडळाचे कार्यकर्ते होते. ख्रिस्तसभा ज्या दोघांना विवाहसंस्कार द्यायला तयार आहे त्यांच्या आड राज्याने येणे हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १ ऑक्टोबर १९४८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी ती बंदी रद्द केली. मुख्य निकालपत्र समतेच्या तत्त्वावर उभे होते. न्यायमूर्ती डग्लस एडमंड्स यांनी स्वतंत्र मत लिहून धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा उचलून धरला.

कॅथलिकांनी अभिमान बाळगावा असा हा प्रसंग आहे. पण त्याच काळातला दुसरा प्रसंगही सांगितला पाहिजे. १९५५ साली लुइझियाना राज्यातील जेझुइट बेंड या वस्तीत मिस्सा अर्पण करायला आलेल्या कृष्णवर्णीय धर्मगुरूला तेथील काही गोऱ्या कॅथलिकांनीच परत पाठवले. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी त्या ठिकाणची उपासनाच थांबवली. धर्मगुरूची ही अवस्था, तर मिश्र कुटुंबाची काय असेल? सभेचा कायदा निर्मळ असतो, बाकावर बसणारी माणसे तशी असतीलच असे नाही. मिश्र कुटुंब ज्या गावाचा शोध घेते ते गाव कायदा आणि बाक यांच्या मधल्या जागेत असते, आणि कलावंताचे काम त्याच जागेत सुरू होते.

स्टॅन्ली क्रेमर दिग्दर्शित 'गेस हूज कमिंग टू डिनर' हा चित्रपट या तिन्हींत सर्वांत गाजलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधील ड्रेटन हे सुखवस्तू, पुरोगामी विचारांचे गोरे दांपत्य. त्यांची तेवीस वर्षांची मुलगी हवाईमध्ये अवघ्या दहा दिवसांच्या ओळखीवर जॉन प्रेंटिस या कृष्णवर्णीय डॉक्टरशी लग्न ठरवून घरी येते. स्पेन्सर ट्रेसी, कॅथरिन हेपबर्न आणि सिडनी पॉइटिए यांच्या अभिनयाविषयी वेगळे सांगायला नको. हेपबर्न यांना याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले, आणि ट्रेसी चित्रीकरण संपल्यावर काही दिवसांतच, १० जून १९६७ रोजी, निवर्तले. कॅथलिक वाचकाला या चित्रपटात एक व्यक्तिरेखा विशेष जवळची वाटेल. ती म्हणजे बापाचे गोल्फमित्र मॉन्सिन्योर रायन. सेसिल केलवे यांनी रंगवलेले हे वृद्ध, मिस्कील धर्मगुरू लग्नाची बातमी ऐकताच मनापासून आनंदतात, आणि आयुष्यभर समतेचे अग्रलेख छापणाऱ्या मित्राची धांदल पाहून त्याला चिमटेही काढतात. पडद्यावरच्या धर्मगुरूंत इतका निरोगी माणूस क्वचित दिसतो.

तरीही आमच्या कसोटीवर हा चित्रपट अपुरा पडतो. त्याचे सारे नाट्य एका प्रश्नाभोवती फिरते: वडीलधारे होकार देतील का? तो होकार मिळतो, ट्रेसी यांच्या दीर्घ आणि हृद्य भाषणातून मिळतो, आणि प्रेक्षक सुस्कारा सोडतो. पण हे जोडपे राहणार कुठे? नायक जागतिक आरोग्य संघटनेसाठी काम करतो आणि त्याच रात्रीच्या विमानाने निघणार आहे. पुढचा मुक्काम जिनिव्हा. लेखकाने नायकाला इतका गुणवान आणि इतका फिरता ठेवला आहे की घर शोधण्याचा प्रसंग त्याच्यावर येऊच नये. भाड्याने जागा, शेजारी, शाळा, कोपऱ्यावरचा वाणी, यांतले काहीही या कथेत नाही. मॉन्सिन्योर आशीर्वाद देतात, पण त्यांचा धर्मग्राम चित्रपटात कुठेच येत नाही, त्यामुळे आपल्या भाविकांना त्यांनी काही ताकीद दिली असती का, हे आपल्याला कळत नाही. होणाऱ्या मुलांचा विषय निघतो तो विनोदाने: मुलीला वाटते की आपले प्रत्येक मूल राष्ट्राध्यक्ष होईल. आणि शेवटी, समतेचे ते सुंदर भाषण संपल्यावर, घरचा धनी कृष्णवर्णीय मोलकरणीला जेवण वाढण्याविषयी विचारतो. सर्वजण टेबलावर बसतात. टिली वाढायला उभी राहते. दिग्दर्शकाला हा विरोध जाणवला होता की नाही हे ठरवणे कठीण आहे, पण पाहणाऱ्याला तो जाणवल्याशिवाय राहत नाही. या चित्रपटातले स्वागत दिवाणखान्यातले आहे. दिवाणखाना एका संध्याकाळपुरता जिंकता येतो; गावाला हंगाम द्यावा लागतो.

हा चित्रपट १९६७च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. त्याच वर्षी १२ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असे विवाह बेकायदा ठरवणारे कायदे रद्द केले होते. तोवर ते सोळा राज्यांत शिल्लक होते. ज्या दांपत्याच्या खटल्यात हा निकाल लागला त्यांचे आडनावच लव्हिंग असे होते, आणि जेफ निकल्स यांनी २०१६ साली त्यांच्यावर याच नावाचा चित्रपट काढला. रिचर्ड लव्हिंग हा व्हर्जिनिया राज्यातील सेंट्रल पॉइंट या खेड्यातला गोरा गवंडी. मिल्ड्रेड जेटर ही कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी अशा दोन्ही वंशांची. २ जून १९५८ रोजी त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले. जुलैच्या एका रात्री शेरीफ त्यांच्या निजायच्या खोलीत शिरला आणि त्यांना अटक केली. जानेवारी १९५९ मध्ये त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली, आणि पंचवीस वर्षे दोघांनी मिळून व्हर्जिनियात पाऊल ठेवायचे नाही या अटीवर ती स्थगित करण्यात आली. देवाने निरनिराळे वंश निरनिराळ्या खंडांत ठेवले, त्याअर्थी त्यांची सरमिसळ त्याला नको होती, असे त्या न्यायाधीशाने पुढे लेखी नोंदवले. देवाचे नाव किती सहज वापरले गेले! पुढे सर्वोच्च न्यायालयात वंशीय न्यायासाठी काम करणारी राष्ट्रीय कॅथलिक परिषद आणि रिचमंडचे बिशप जॉन रसेल यांच्यासह काही बिशपांनी लव्हिंग दांपत्याच्या बाजूने निवेदन दाखल केले, ही गोष्ट त्या नोंदीला उत्तर म्हणून लक्षात ठेवण्याजोगी आहे.

निकल्स यांच्या चित्रपटाचे मोठेपण असे की त्याने न्यायालयापेक्षा जमिनीला अधिक महत्त्व दिले. आरंभीच रिचर्ड आपल्या होणाऱ्या बायकोला एक मोकळा तुकडा दाखवतो आणि येथे तुझ्यासाठी घर बांधीन असे सांगतो. चित्रपट संपतो तेव्हा तो त्याच हातांनी विटा रचत असतो. मधला सारा काळ वनवासाचा आहे. वॉशिंग्टनमध्ये त्यांना कायद्याने कोणी हात लावत नाही, परंतु मिल्ड्रेडच्या मुलांना खेळायला माती नाही, आणि एका मुलाला मोटारीचा धक्का बसतो तेव्हा तिचा निश्चय होतो की पकडले गेलो तरी चालेल, गावी परत जायचे. स्थलांतराच्या चर्चेत ही बाजू फार क्वचित येते. सुरक्षित जागा आणि आपली जागा या दोन गोष्टी असतात, आणि कुटुंबाला दोन्हींची गरज असते. मिल्ड्रेड लव्हिंग १९६३ साली महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिते ते कोणत्या तत्त्वासाठी नव्हे. तिला आईच्या गावी परतायचे आहे.

सेंट्रल पॉइंट हे खेडे तसे मिसळलेले होते. गोरे, काळे आणि मूळनिवासी तेथे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेतावर राबत होते. सरवा होता, असे आम्ही म्हणू. ताकीद मात्र नव्हती. वेशीतली सत्ता उलट बाजूला होती, आणि गावातूनच कोणी तरी शेरीफला खबर दिली. दिग्दर्शकाने आपल्या माणसांचा रागही लपवलेला नाही. मुलाच्या हातून चूक झाली असे सुईणीचे काम करणारी रिचर्डची आई स्पष्ट बोलते. मिल्ड्रेडची बहीण त्याच्यावर संतापते. आणि एक कृष्णवर्णीय सोबती त्याला सुनावतो की तुला वाटले तर तू घटस्फोट घेऊन यातून सुटू शकतोस, आम्हांला ती सोय नाही. हे शेवटचे बोल फार मोलाचे आहेत. मिश्र घरातल्या दोघांवर ओझे सारखे नसते, आणि जे गाव हे ओळखत नाही त्याचे स्वागत अर्धेच राहते. चित्रपटाची मर्यादाही येथेच आहे. निकल्स यांना शांतता इतकी प्रिय आहे की शेजारी माणसे धूसर राहतात. परतून आलेल्या या कुटुंबाला गावाने पुढची वर्षे कसे वागवले, मुलांना कोणी बोलावले, कोणी टाळले, हे आपल्याला समजत नाही. नायिकेची भूमिका करणाऱ्या रूथ नेगा यांचा जन्म आदिस अबाबाचा, वडील इथिओपियन आणि आई आयरिश, आणि त्यांचे बालपण आयर्लंडमध्ये गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा सावधपणा अभिनयातून आला की अनुभवातून, असा प्रश्न पाहताना पडतो. पण कथेतली मिश्र मुले स्वतः येथेही गप्पच आहेत.

हे मौन मॅकब्राइड यांच्या आत्मकथनात सुटते, आणि म्हणून तिन्हींत आम्ही त्याला सर्वांत वरचे स्थान देतो. येथे बोलणारा हा त्या घरातला मुलगा आहे. त्याची आई १९२१ साली पोलंडमध्ये एका सनातनी यहुदी घरात जन्मली आणि लहानपणीच अमेरिकेत आली. वडील रब्बी, व्हर्जिनियातील सफोक गावात कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्यांचे किराणा दुकान होते. घरातल्या जाचाला कंटाळून ती न्यूयॉर्कला गेली, ख्रिस्ती झाली, आणि १९४२ साली अँड्र्यू डेनिस मॅकब्राइड या कृष्णवर्णीय गृहस्थाशी तिने लग्न केले. माहेरच्यांनी ती मेली असे समजून सुतक पाळले. तिने आपले जुने नाव टाकून जे नाव घेतले ते होते रूथ. बायबल वाचणाऱ्याला हा योगायोग वाटणार नाही.

या रूथला बेथलेहेम मिळाले ते गोऱ्यांच्या मोहल्ल्यात नव्हे, हार्लेमच्या आणि ब्रुकलिनमधील रेड हुकच्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळीत. रेड हुकच्या गरीब वसाहतीतल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत प्रार्थना सुरू झाल्या, आणि त्यातून १९५४ साली न्यू ब्राउन मेमोरियल बाप्टिस्ट चर्च उभे राहिले. १९५७ साली नवरा कर्करोगाने गेला तेव्हा पदरी सात मुले होती आणि आठवे, म्हणजे लेखक स्वतः, पोटात होते. मदत मागायला ती आपल्या यहुदी मावशीच्या दारी गेली, तेव्हा दार तोंडावर लावले गेले. मंडळीतल्या माणसांनी मात्र तिला आणि मुलांना आधार दिला. पुढे तिने हंटर जॉर्डन यांच्याशी दुसरे लग्न केले, आणखी चार मुले झाली, आणि बाराही मुले महाविद्यालयापर्यंत शिकली. ज्यांच्यापाशी सर्वांत कमी होते त्यांनी सरवा सोडला, असा या कथेचा एक अर्थ आहे.

पण मॅकब्राइड गोड चित्र काढून थांबत नाहीत. आई आपल्यासारखी दिसत नाही हे कळल्यावर मुलाला वाटणारी लाज आणि भीती, रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या लोकांची तिच्यावर खिळणारी नजर, देवाचा रंग कोणता या त्याच्या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर, ज्यावरून पुस्तकाला नाव मिळाले, हे सारे त्यांनी भाबडेपणा न करता लिहिले आहे. सर्वांत बोचणारा भाग वेगळाच आहे. पुष्कळ वर्षांनी त्याच न्यू ब्राउन चर्चमध्ये नवे पाळक येतात, आणि जिच्या बैठकीच्या खोलीतून ते चर्च निघाले त्या बाईला ते परकी गोरी स्त्री समजून वागवतात. स्वागत वारसाने आपोआप पुढच्या पिढीकडे जात नाही, ते प्रत्येक पिढीला नव्याने शिकवावे लागते, हे इतक्या थोड्या ओळींत इतरत्र आम्ही वाचलेले नाही.

रचनेकडेही लक्ष द्यायला हवे. एक प्रकरण मुलाच्या तोंडचे, एक आईच्या तोंडचे, अशी या पुस्तकाची वीण आहे. आईला बोलते करायला मुलाला वर्षानुवर्षे लागली. बायबलमधील रूथ चौथ्या अध्यायात गप्प होते. या रूथला तिच्या ओबेदाने बोलायला लावले. आमच्या कसोटीतील जी उणीव आम्ही वर सांगितली, ती या पुस्तकाने भरून काढली आहे. येथे मुलाचे बारसे होऊनही आईचे नाव पुसले जात नाही.

तीन कलाकृती शेजारी ठेवल्या की एक क्रम दिसतो. पहिलीत होकार आहे, दुसरीत हक्क आहे, तिसरीत सहवास आहे. होकार एका संध्याकाळी मिळाला, हक्क नऊ वर्षांच्या झगड्यानंतर मिळाला, आणि सहवास आयुष्यभर चालूच राहिला, तोही कधी पुढे तर कधी मागे. न्यायालयाच्या निकालाने सहवास येत नाही याचा एक पुरावा इतिहासातही आहे. निरर्थक झालेली ती बंदी अलाबामा राज्याच्या घटनेतून काढण्यासाठी २००० साली मतदान झाले, तेव्हा सुमारे चाळीस टक्के मतदारांनी ती काढू नये असे मत दिले. हे मतदार दूर कुठे राहत नव्हते. कोणाच्या तरी शेजारी राहत होते.

तेव्हा परदेशी असलेले आपले एखादे लेकरू नव्या गावी बिऱ्हाड नेण्याचा विचार करीत असेल, तर या कथांच्या आधारे काही चौकशी सुचवता येईल. दारात हसून हात मिळवणारे किती, यावर फार भिस्त ठेवू नये. असे लोक सर्वत्र भेटतात. त्या धर्मग्रामात आपल्यासारखे दुसरे कुटुंब आहे का, आणि ते दहा वर्षांपूर्वी आले असूनही अजून टिकून आहे का, हे पाहावे. मिस्सात वाचन कोणाला मिळते, वेदीसेवकांत कोणाची मुले असतात, कारभारी मंडळात कोण बसते, हे पाहावे. शाळेत किंवा बाकावर कोणी अपशब्द काढला तर फादर आणि मंडळी त्या माणसाशी बोलतात का, की दुखावलेल्यालाच समजूतदारपणा शिकवतात, हे तर अवश्य विचारावे. बवाजाने रूथला सहनशीलतेचा उपदेश केला नव्हता, गड्यांना ताकीद दिली होती.

आणि हीच कसोटी आपल्या वेशीवरही लागू पडते. एकाच वेदीपाशी गुडघे टेकणाऱ्या आपल्या समाजांतही सोयरीक करताना कोण कुठल्या आळीचा, कोणत्या जातीचा, याची विचारपूस अजून होते. मग सातासमुद्रांपलीकडची सून नाताळच्या सुट्टीत गावी येते तेव्हा आपण तिचे कौतुक करतो, फोटो काढतो, आणि तिच्याविषयी तिच्यासमोरच मराठीत बोलतो. तिचे मूल मात्र अंगणात उभे राहून आपल्याला कोणी खेळायला बोलावते का, याची वाट पाहत असते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली वंश आणि वर्ण यांवरून होणारा भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध आहे असे शिकवले. ती शिकवण आपल्याला पाठ आहे. ती अंगणापर्यंत पोहोचली की नाही, हे त्या मुलाला विचारावे लागेल.

अशा मुलाने मोठे होऊन मराठीत, किंवा त्याला येईल त्या भाषेत, आपल्या आईची आणि आपल्या गावाची गोष्ट लिहावी, अशी आमची इच्छा आहे. ती गोष्ट आपल्याला सुखावणारी असेलच असे नाही. तिच्यात आपण बवाज म्हणून येतो, की पहिल्या दिवशी फक्त नामीशी बोलणाऱ्या बायका म्हणून, हे मात्र अजून आपल्या हातात आहे.